काहिलीतून आलेली पुरव्वा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. मला ती माझ्या आजोबांनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजीने, आणि तिलाही ती कुणीतरी सांगितलीच असणार. तेव्हा आमच्या नांदखोलला पूल नव्हता. पैलतीरी जायचं तर सिदू नावाड्याच्या नावेत बसावं लागे. नदी वर डोंगरात उगम पावते आणि आमच्या गावापाशी येऊन मोठं वळण घेते. त्या वळणावर सिदूचं घर होतं. घरात तो आणि त्याची बायको गोदव्वा, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

एका श्रावणात असा पूर आला की नदी देवळाच्या पायऱ्या चढली आणि नंदीच्या गळ्याला लागली. सात दिवस नाव बांधून ठेवावी लागली. आठव्या दिवशी सकाळी सिदू नावेची दोरी बघायला काठावर गेला, तर त्याला पाण्यात एक म्हैस दिसली. नुसती शिंगं आणि नाकपुड्या वर. ती पोहत काठाकडे येत होती आणि तिच्या मागून काहीतरी काळं, गोल तरंगत येत होतं. ती काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई असते ना, दोघांनी मिळून उचलावी लागते एवढी, तीच. काहिलीच्या कडीला म्हशीचं दावं बांधलेलं होतं.

काहिलीत लुगड्यात गुंडाळलेली एक तान्ही मुलगी होती. सात दिवस पाऊस धरून होता, पण त्या काहिलीत पाण्याचा एक थेंब नव्हता, असं म्हणतात. पोर रडतही नव्हती. आभाळाकडे बघत मूठ चोखत होती.

गोदव्वा धावत आली. तिने पोरीला उचलून छातीशी धरलं आणि ती खाली बसली ती उठेचना. म्हैस काठावर धापा टाकत उभी होती. तिच्या सडांतून दूध गळत होतं. त्याच दुधावर पोर वाढली. ती म्हैस पुढे जन्मभर गोदव्वाशिवाय कुणाचा हात लागू देत नसे, असं म्हणतात. पुरातून आली म्हणून पोरीचं नाव ठेवलं पुरव्वा.

पूर ओसरल्यावर सिदूने वरच्या गावांना निरोप धाडले. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, वर कुणाचं मूल वाहून गेलंय का. पण त्या पावसाने वरच्या अंगाची किती घरं नेली, किती वाटा मोडल्या, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. कुणी आलं नाही. मग सिदूने विचारायचं सोडलं. आणि खरं सांगायचं तर गोदव्वाने देवाला नारळ फोडला, कुणी आलं नाही म्हणून.

पुरव्वा मोठी झाली. बापाबरोबर नाव चालवायला लागली. पाण्याचा रंग बघून ती खोली सांगायची. गावातली माणसं वाईट नव्हती, पण पाणवठ्यावर बायका काहीतरी बोलत असायच्या आणि ही गेली की गप्प व्हायच्या. एकदा एक शब्द तिच्या कानावर पडलाच. टाकलेली. म्हणजे नको असलेलं पोर कुणीतरी काहिलीत घालून पाण्यावर सोडून दिलं, असं. तिने घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती नदीच्या वरच्या अंगाला बघत बसायला लागली.

ती अठरा वर्षांची झाली त्या वर्षी गावात हेळवी आला. हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा माणूस. घराघराची वंशावळ त्याच्या पोथीत असते. बाप, आजा, पणजा, खापरपणजा, कोण कुठून आला, कुणी विहीर खणली, कुणी कुठे लढाईत हात गमावला, सगळं तो दारात उभा राहून वाचतो. त्या वेळच्या हेळव्याचं नाव होतं भरमू. सहा-सात वर्षांतून एकदा त्याची फेरी व्हायची, आणि तो आला की गाव काम टाकून गोळा व्हायचं. आपल्या पणज्याचं नाव ऐकताना म्हातारी माणसंसुद्धा पोरासारखी तोंड उघडं टाकून बसायची.

त्याच सुमाराला पैलतीरच्या नागोजीने आपल्या मुलासाठी, केरबासाठी, पुरव्वाला मागणी घातली होती. नागोजी भला माणूस. त्याला पोरगी पसंत होती. फक्त चारचौघांत सांगायला सुनेचं कूळ हवं होतं. म्हणून तो त्या दिवशी मुद्दाम नदी ओलांडून आला आणि भरमूला म्हणाला, "बाबा, या पोरीचं पान काढा जरा."

भरमूने पोथी उघडली. खूप पानं उलटली. मग पोथी मिटून मांडीवर ठेवली.

"हिचं पान न्हाई माझ्याजवळ," तो म्हणाला.

"मग लिवा की एक," नागोजी म्हणाला. "कुठलं तरी चांगलं घर बघा आन् नाव लावा. पोरगी गुणाची हाय. कागदावर नाव दिसलं म्हंजे झालं."

भरमूने पुरव्वाकडे बघितलं. तो लिहिणार होता की नव्हता, ते कुणी सांगू शकत नाही. पुरव्वाच पुढे आली.

"नगं बाबा," ती म्हणाली. "खोट्या माणसांची लेक हून मी कुणाच्या घरात जाणार न्हाई."

नागोजीला ते लागलं. तो चार पावलं मागे सरला आणि नावेची वाट न बघता छातीएवढ्या पाण्यातून चालत निघून गेला. सोयरीक तिथेच थांबली.

माणसं पांगल्यावर पुरव्वा भरमूजवळ जाऊन बसली. "तुम्ही माणसं शोधता. मी माझी कशी शोधू?"

भरमूने पोथी बांधली. मग त्याने विचारलं, "ती काहील कुठं हाय?"

काहील घराच्या मागे पालथी पडली होती. अठरा वर्षं तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. भरमूने सिदूला ती उलटी करायला लावली आणि काठाखाली वाळूने घासायला सांगितली. गंज गेला तशी खाली एक खूण दिसली. चंद्रकोर, आणि तिच्या पोटात तीन टिंबं.

"लोहाराची खूण हाय ही," भरमू म्हणाला. "मला माणसांची नावं ठावं हायत, लोखंडाची न्हाईत. नदीच्या वरच्या अंगानं जा. जिथं जिथं लोहाराचा भाता दिसंल तिथं थांब."

पुरव्वाने कोळसा घेतला, खुणेवर कापडाचं धडपं पसरलं आणि वरून घासून ठसा उमटवला. ते धडपं कमरेला खोचलं. निघायच्या दिवशी बघते तर गोदव्वाही भाकरी बांधून तयार.

"आई, तू कशाला गं?"

"तुला कोण सापडतंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं हाय," गोदव्वा म्हणाली. अठरा वर्षांपूर्वी फोडलेला नारळ तिच्या डोक्यातून जात नव्हता, हे तिने सांगितलं नाही.

आणि त्या दोघी वाटेला लागल्या तशी गोठ्यातली ती म्हातारी म्हैस उठली, दावं तोडून आली आणि त्यांच्या पुढे चालायला लागली. म्हशी इतकी वर्षं जगत नाहीत. पण ती जगली होती, असं म्हणतात.

मार्गशीर्षाचे दिवस होते. नदी शांत होती आणि काठाकाठाने गुऱ्हाळं लागली होती. दोघी एकेका गुऱ्हाळावर थांबायच्या. गुळवे त्यांना गरम गूळ द्यायचे, आपल्या काहिलींच्या खुणा दाखवायचे. कुणाच्या काहिलीवर त्रिशूळ, कुणाच्या काहिलीवर पान, पण चंद्रकोर कुठेच नाही. मात्र पुरातून आलेली पोर आली आहे म्हटल्यावर गावातली माणसं जमायची. त्या पुरात प्रत्येक गावाने कुणीतरी गमावलं होतं. ती सांगायला लागायची. माझा भाऊ वाहून गेला, खांद्यावर जन्मखूण होती. माझी नणंद गेली, तिला उखाणे छान यायचे. माझा आजा गेला, तो देवळाच्या कळसावर चढून बसला होता आणि शेवटपर्यंत खालच्यांना हाका मारत होता. "तुला कुठं कळलं तर सांग गं," असं म्हणून ती नावं पुरव्वाच्या हवाली करायची.

आपलं शोधायला निघालेली पोर दुसऱ्यांचं ऐकत बसायची. गोदव्वा म्हणायची, "अगं, पुढं जायचं हाय." पण पुरव्वा उठायची नाही. ऐकलेलं एकही नाव ती विसरली नाही, असं म्हणतात. चौदा गावं होईपर्यंत तिच्याजवळ दोनशे माणसांच्या गोष्टी जमल्या होत्या.

पंधराव्या गावात एक म्हातारा लोहार होता, मल्हारी. त्याचे डोळे गेले होते. धडपं दाखवून काय उपयोग? पुरव्वाने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटाने त्याच्या तळव्यावर खूण काढली. आधी चंद्रकोर. मग एक टिंब, दुसरं, तिसरं.

मल्हारीने मूठ मिटली.

"माझ्या बापाची खूण," तो म्हणाला. "तीन टिंबांची काहील त्यानं एकच केली. उंबरघळीला दिली होती. मी तवा भाता ओढत होतो."

"उंबरघळ कुठं हाय?"

"होती," मल्हारी म्हणाला. "त्या पावसात डोंगर खाली आला. पण वरच्या माळावर दोन-तीन घरं राहिली होती म्हणतात. बघा जाऊन."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उंबरघळीला पोचल्या. तिथे गाव नव्हतं. डोंगराच्या कुशीतून खाली नदीपर्यंत नुसती दगडमाती, आणि तिच्यावर अठरा वर्षांची झुडपं. म्हैस त्या मातीवर गेली, एका जागी थांबली आणि हंबरली. मग तिथेच पाय मुडपून बसली ती पुन्हा उठली नाही. आपल्या गोठ्याच्या जागी जाऊन तिने प्राण सोडला, असं म्हणतात.

हंबरणं ऐकून वरच्या माळावरून एक म्हातारा काठी टेकत खाली आला. त्याचं नाव सटवाजी. त्याने मेलेली म्हैस बघितली, पुरव्वाकडे बघितलं, आणि काही विचारायच्या आधीच तो दगडावर बसला.

"रायाजीची म्हस हाय ही," तो म्हणाला. "एका शिंगाचं टोक मोडलेलं. माझ्या पुतण्याची, रायाजीची." मग पुरव्वाकडे मान वळवून म्हणाला, "म्हंजे तू जगलीस."

त्या दिवशी काय झालं ते सटवाजीने वरच्या माळावरून बघितलं होतं. रायाजी आदल्या दिवशीच बांध वाचवायला गेला होता, तो परतलाच नाही. नदी घरात शिरली. रायाजीची बायको कमरेएवढ्या पाण्यात होती. तिने गुऱ्हाळातली काहील ओढत आणली, पोरीला आत ठेवलं, अंगावरचं लुगडं फाडून तिला गुंडाळलं आणि काहील म्हशीच्या दाव्याला बांधली. म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला पाण्यात घातलं.

"मी वरनं वरडत होतो, तू बी ये, तू बी ये म्हणून," सटवाजी म्हणाला. "तिनं हात हलवला. घरात सासू होती. माझी भावजय. तिला चालता येत नव्हतं. तिला आणायला ती मागं वळली. मग डोंगर आला."

पुरव्वाने मातीवर हात ठेवला. गोदव्वाच बोलली. "टाकली नव्हती," ती म्हणाली. "ऐकलंस का बाळा. टाकली नव्हती तुला." म्हणजे तो शब्द गोदव्वालाही ठाऊक होता. अठरा वर्षं दोघींनीही तो एकमेकींपासून लपवला होता. त्या दगडमातीवर बसून दोघी पोटभर रडल्या.

मग सटवाजीने तिला तिचं कूळ सांगितलं. बाप रायाजी. आजा म्हाळोजी, ज्याने डोंगर फोडून शेताला पाट आणला. पणजा दौलू, ज्याने वाघाशी झुंज घेतली आणि ज्याच्या पाठीवर नखांचे पाच ओरखडे होते. त्याच्याही मागचे चौघे. सात पिढ्या म्हातारा न थांबता बोलला. पुरव्वाला वाटलं, आपण आता कुठे जमिनीवर पाय टेकला.

"आन् माझी आई?" तिने विचारलं. "तिचं नाव काय?"

सटवाजी थांबला. त्याने डोकं खाजवलं. वरच्या घरांतल्या दोन म्हाताऱ्यांना हाक मारून विचारलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"आम्ही तिला रायाजीची बायकू म्हणायचो," तो शेवटी म्हणाला. "लग्नात नाव बदललं हुतं, ते बी आठवत न्हाई. ज्यांना ठावं हुतं ते सगळे खाली हायत." त्याने काठीने मातीकडे दाखवलं.

सात पिढ्यांच्या पुरुषांची नावं त्याच्या जिभेवर होती. आणि जिने तिला वाचवलं, तिचं नाव कुणाजवळ नव्हतं. पुरव्वा उठून उभी राहिली. "ते घेतल्याबिगर मी जाणार न्हाई," ती म्हणाली.

सटवाजीला एवढंच आठवत होतं की त्या बाईचा भाऊ वर्षातून एकदा घाटाखालून बैलावर मीठ आणि कोकमं घेऊन यायचा. म्हणजे माहेर कोकणात. दोघी घाट उतरल्या. खाली गावं पुष्कळ. पण आता पुरव्वाने चावडीवर विचारायचं सोडून दिलं. ती पाणवठ्यावर जायची आणि बायकांना विचारायची, "घाटावर दिलेली आणि परत न आलेली लेक कुणाची हाय का?"

आणि प्रत्येक पाणवठ्यावर कुणीतरी डोक्यावरचा हंडा खाली ठेवायचं. एक नाही, दोन-दोन, तीन-तीन बायका. माझी बहीण. माझी आत्या. माझी लेक. घाटावर गेल्या आणि कळलंच नाही. त्याही आपापली नावं पुरव्वाच्या हवाली करायच्या. पण त्यांतली एकही उंबरघळीला दिलेली नव्हती.

नवव्या दिवशी त्या कातळशेत नावाच्या वाडीत पोचल्या. ओढ्यावर एक म्हातारी धुणं धूत होती. पाठीत पार वाकलेली. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली, पुरव्वाला बघितलं आणि हातातलं धुणं पाण्यात सोडून दिलं.

"साळू," ती म्हणाली. "केवढा उशीर केलास गो."

पुरव्वाने काही विचारलंच नव्हतं. नाव आपणहून आलं. साळू. ती म्हातारी साळूची आई, आवडा. पहिल्या वर्षीच तिचा मुलगा धाकू मीठ घेऊन वर गेला होता आणि डोंगर कोसळलेला बघून परत आला होता. त्याने सांगितलं तरी आवडाने मानलं नाही. अठरा वर्षं ती घाटाच्या वाटेवरच्या त्याच ओढ्यावर धुणं धूत राहिली. जवळचा ओढा सोडून ती तिथवर चालत जायची. तोंड तसंच, उंची तशीच, चालणं तसंच. तिला वाटलं लेकच आली. लेक नाही, लेकीची लेक आहे, हे सांगितल्यावर तिने पुरव्वाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. त्या दुपारी ती अठरा वर्षांनी पोटभर जेवली, असं म्हणतात.

जेवताना तिने साळू कशी होती ते सांगितलं. साळू झाडावर चढायची. साळू भांडखोर होती. पोहायला तिला तिच्या बापाने शिकवलं होतं, खाडीत. मग आवडाने आपली आई सांगितली, ठकू, जिच्या हाताला गुण होता आणि जी अडलेल्या बाळंतिणी सोडवायची. ठकूची आई लाडी, जी दुष्काळात चार पोरं घेऊन चालत चालत समुद्रापर्यंत आली. हे सगळं कुठल्या पोथीत नव्हतं. आवडाला ते तिच्या आईने भात कांडताना सांगितलं होतं.

गोदव्वा दाराशी बसली होती. दोन घास खाऊन तिने ताट बाजूला सारलं होतं. आपलं काम झालं, आता पोर इथलीच, असं तिला वाटत होतं. आवडाने तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण गो?"

"ही माझी आई," पुरव्वा म्हणाली. थांबली नाही, अडखळली नाही.

आवडाने मान हलवली. "मग हिच्या आईचं नाव काय? तेही सांग. तीपण तुझी आजीच."

गोदव्वाची आई ती तीन वर्षांची असताना वारली होती. बाप बायकोचं नाव कधी घ्यायचा नाही. "मला ठावं न्हाई," ती म्हणाली. पन्नाशी उलटली होती तिची, आणि तोवर तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

म्हणून त्या सरळ घरी आल्याच नाहीत. परतताना वाकडी वाट करून गोदव्वाच्या माहेरी गेल्या. भाऊ-भावजयांना काही सांगता आलं नाही. गावाच्या टोकाला एक म्हातारी कुंभारीण होती, तिला आठवलं. "बायजा," ती म्हणाली. "माझ्याकडनं मडकं घेताना वाजवून वाजवून बघायची. बायजा तिचं नाव." गोदव्वा त्या कुंभारणीच्या उंबऱ्यावर बसली आणि ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बायजा. बायजा. पुरव्वाने तिला घाई केली नाही.

नांदखोलला पोचल्यावर पुरव्वाला सांगायला खूप होतं. पण ती आधी विचारायला लागली. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न. तुझ्या आईच्या आईचं नाव काय? तिच्या आईचं? माणसं हसायची, मग आठवायला जायची, आणि नाव नदीच्या मध्यावर येण्याआधीच अडायची. पैलतीरी उतरताना म्हणायची, घरी विचारून सांगतो. अशी एकेक करून आख्ख्या गावात ती विचारपूस सुरू झाली. बायका सणाला माहेरी जायच्या तेव्हा नावं घेऊन यायच्या. कुणी आणलं की पुरव्वा ते नाव ऐकायची, त्या बाईची गोष्ट ऐकायची, आणि ते तिच्याजवळ राहायचं. भरमू हेळवी पुढच्या फेरीला आला तेव्हा तिने त्याला ही नावं लिहून घ्यायला सांगितली. तो म्हणाला, आमच्या पोथीत बायकांची नावं लिहायची रीत नाही. ती म्हणाली, मग राहू द्या, मी तोंडाने सांगेन. तो एक दिवसासाठी आला होता, तो चार दिवस ऐकत राहिला.

हेळवी येण्याच्या कितीतरी आधी नागोजी पुन्हा मागणी घेऊन आला होता. आता तर कूळ सात पिढ्यांचं मिळालं होतं. पुरव्वाने त्यालाही तेच विचारलं. त्याला आपल्या आजीचं नाव येईना. तो खाली मान घालून बसला. केरबा मात्र उठला आणि गेला. अकरा दिवस कुठे होता कुणाला ठाऊक नाही. बाराव्या दिवशी पाय फुटून रक्ताळलेल्या अवस्थेत तो काठावर आला आणि उभ्याउभ्याच त्याने पाच बायकांची नावं सांगितली. पुरव्वाने त्याला नावेत घेतलं. त्यांच्या लग्नाला मामा म्हणून घाटाखालून धाकू आला, मीठ लादलेले दोन बैल घेऊन. गोदव्वाने त्याला बायजाची गोष्ट सांगितली.

पुढे पुरव्वा म्हातारी झाली तेव्हा एकदा भर पावसात बाजारची नाव मध्यावर उलटली. नदीवर असं दाट धुकं होतं की कुणाला कुठला काठ कुठे ते समजेना. माणसं गोल गोल फिरत दमायला लागली. पुरव्वा काठी टेकत काठावर आली. नावेत कोण कोण बसलं होतं ते तिने नाव निघताना बघितलं होतं. तिने एकेकाला आईच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. हौसाच्या लेका, इकडं. गजराच्या लेकी, इकडं ये. आईचं नाव ऐकलं की माणूस त्या आवाजाकडे वळायचा. एकोणीस जण काठाला लागले. विसावा कुणी परका वाटसरू होता, त्याचं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिने पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "जिचा कुणाचा असशील तिच्या लेकरा, ये." आणि तोही आला, असं म्हणतात.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी ती गेली. वय शंभराच्या वर होतं, असं म्हणतात. शेवटच्या दिवशी दिवसभर ती नावं घेत होती आणि गाव तिच्या अंगणात बसून ऐकत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत शेवटचं नाव घेऊन झालं, आणि मग ती गेली.

आता नदीवर पूल आहे. पण आमच्या नांदखोलात आजही बारशाला पाळण्यात नाव ठेवण्याआधी पुरव्वाची नावं घेतात. बाळाची आई आपल्या आईचं नाव घेते, मग तिच्या आईचं, मग तिच्या आईचं. अशा निदान पाच बायकांची नावं मोठ्याने घेतल्याशिवाय पाळण्याची दोरी ओढत नाहीत. कुणाला येत नसेल तर पाळणा थांबतो आणि सगळे थांबतात.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. आमची सून तेजल नाशिकची. तिला चार नावं आली, पाचवं येईना. तिने आईला फोन लावला. आईने आपल्या मावशीला लावला. मावशीने जळगावकडच्या कुठल्याशा नव्वदीतल्या नात्यातल्या बाईंना गाठलं. दोन तास गेले. घुगऱ्या गार झाल्या, बाळ एकदा झोपून उठलं. अंगणात साठ-सत्तर माणसं बसली होती, कुणी कुरकुर केली नाही. मग फोन वाजला. तेजलने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून एक बारीक, थरथरता आवाज आला.

"तिला आम्ही सगळे जिजीच म्हणायचो गं," तो आवाज म्हणाला. "पण थांब. मथुरा. तिचं नाव मथुरा होतं. किती वर्षांनी घेतलं कुणी."

आम्ही सगळ्यांनी एकदा मोठ्याने मथुरा म्हटलं, आणि मग पाळण्याची दोरी ओढली.